नाणेपारख : कोटींचं नाणं घेतं तरी कोण?

नाशिकच्या सराफ बाजारातली पेढी आता मुलगा आणि सून बघतात. मी मागच्या खोलीत भिंग, काटा आणि तुमची पत्रं घेऊन बसतो. सोन्याचा भाव चढला की पत्रांचा गठ्ठाही चढतो. म्हणून या अंकात सोन्याच्या नाण्यांबद्दलचीच पत्रं घेतली आहेत. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं, बाकीच्यांनी सांभाळून घ्यावं.

प्रश्न : काका, सप्रेम नमस्कार. अमेरिकेचं १९३३ सालचं वीस डॉलरचं सोन्याचं नाणं २०२१मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात जवळजवळ १ कोटी ८९ लाख डॉलरला गेलं, असं वाचलं. त्यात सोनं जेमतेम तीन तोळे. एवढे पैसे मोजणारी माणसं असतात कोण? आणि त्यांची नावं का लपवतात? आमच्या घरी सगळ्यांचं मत पडलं की हा काळ्या पैशाचा खेळ आहे.
— एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : तोळ्यांचा हिशेब बरोबर आहे. नाणं ३३.४ ग्रॅमचं, त्यात सोनं ९० टक्के, म्हणजे शुद्ध सोनं तीस ग्रॅम. त्या दिवसांतल्या भावाने अठराशे डॉलरच्या आसपास. घेणाऱ्याने मोजले त्याच्या दहा हजारपट.

घरच्यांचं मत मात्र मला पटत नाही. पैसा लपवायचा असेल तर माणूस बिस्किटं घेतो, जी कुठेही वितळतात आणि ज्यांना कोणी ओळखत नाही. जगातल्या प्रत्येक नाणेवाल्याला पाठ असलेलं नाणं घेऊन लपवणार कुठे?

त्या नाण्याचा प्रवास ऐका, म्हणजे गिऱ्हाईक कोण असतं ते आपोआप कळेल. १९३३मध्ये फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत अशी ४ लाख ४५ हजार ५०० नाणी पाडली गेली. त्याच सुमाराला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी लोकांनी सोनं साठवण्यावर बंदी आणली. नाणी चलनात गेलीच नाहीत, पुढे वितळवली गेली. थोडी मागच्या दाराने बाहेर पडली. त्यातलं एक १९४४मध्ये इजिप्तचा राजा फारुक याच्याकडे पोहोचलं. अमेरिकेच्याच अधिकाऱ्यांनी नजरचुकीने त्याला निर्यातीचा परवाना देऊन टाकला होता. १९५२मध्ये फारुकची गादी गेली. १९५४मध्ये कैरोत त्याच्या संग्रहाचा लिलाव झाला, तेव्हा अमेरिकेने हे एक नाणं मागे घ्यायला लावलं आणि त्यानंतर ते गायब झालं. उगवलं थेट १९९६मध्ये, न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अॅस्टोरिया हॉटेलात, एका इंग्रज नाणेव्यापाऱ्याकडे. समोर गिऱ्हाईक म्हणून बसले होते ते सरकारी माणसं निघाले! व्यापाऱ्याला अटक, कोर्टकचेरी, शेवटी समझोता: नाणं विकायचं आणि पैसे निम्मे निम्मे.

२००२मध्ये ते ७५ लाख ९० हजार डॉलरला गेलं आणि वर वीस डॉलर वेगळे घेतले गेले. का, तर नाणं कधी चलनात आलंच नव्हतं; सरकारने ते त्या दिवशी रीतसर चलनात आणलं आणि त्याची दर्शनी किंमत वसूल केली. माझ्यातल्या सराफाला ते वीस डॉलर वरच्या पंचाहत्तर लाखांपेक्षा जास्त आवडतात.

घेणाऱ्याचं नाव पुढे जवळजवळ एकोणीस वर्षं बाहेर आलं नाही. २०२१मध्ये नाणं परत विकायला निघालं तेव्हा कळलं, मालक स्टुअर्ट वाइट्झमन. बायकांच्या उंची चपला-बुटांसाठी जगभर नाव असलेला अमेरिकी माणूस. ब्रिटिश गयानाचं जगात एकुलतं एक उरलेलं एक सेंटचं टपाल तिकीटही त्याच्याचकडे होतं. लहानपणी अल्बममध्ये ज्या जागा कोऱ्या राहिल्या, त्या त्याने म्हातारपणी भरल्या. २०२१मध्ये ज्याने घेतलं त्याने नाव जाहीर केलेलं नाही.

तर हे एक गिऱ्हाईक: लहानपणापासूनची हौस, आणि पैसा मात्र कुठल्या तरी भलत्याच धंद्यातला. बाल्टिमोरचा लुई एलियासबर्ग बँकवाला होता. अमेरिकेच्या टांकसाळींनी पाडलेलं प्रत्येक सालाचं, प्रत्येक टांकसाळीचं नाणं जमवायचं त्याने मनावर घेतलं आणि १९५०मध्ये यादी पुरी केली. तशी ती आजवर दुसऱ्या कोणी केल्याची नोंद नाही. त्याच्याकडे १८२२चं पाच डॉलरचं सोन्याचं नाणं होतं. अशी जगात तीनच माहीत आहेत, त्यातली दोन वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात. म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्याला विकत मिळण्याजोगं एकच. ते १९८२मध्ये टेक्ससमधल्या पोग नावाच्या घराण्याने ६ लाख ८७ हजार ५०० डॉलरला घेतलं; धंदा जमीनजुमल्याचा, नाण्यांचं वेड मुलाला. २०१६मध्ये त्यांनी ते लिलावात ठेवलं तर मनासारखी बोली आली नाही आणि नाणं घरी परत गेलं. २०२१मध्ये तेच ८४ लाख डॉलरला गेलं. पाच वर्षांत नाण्याचा कण झिजला नाही की वाढला नाही. बोली लावणारे तेवढे बदलले.

इथेच खरी मेख आहे. सोन्याला गिऱ्हाईक रोजचं. अशा नाण्याला मात्र एकाच दिवशी, एकाच वेळी दोन माणसं हटून बसावी लागतात. जो जिंकतो त्याचं नाव पेपरात येतं किंवा येत नाही, पण भाव ठरवतो तो हरणारा. तो जिथे हात खाली घेतो, त्याच्या एक पायरी वर हातोडा पडतो.

हे मी मुंबईच्या लिलावांत जवळून पाहिलं आहे. आपल्या जिल्ह्यातले एक द्राक्षनिर्यातदार आहेत, नाव सांगणार नाही. त्यांना मुघल बादशहांची प्रत्येकाची एक सोन्याची मोहर हवी आहे. लिलावाआधी नाणी बघायला ठेवतात: हिरवं कापड टाकलेलं टेबल, ओळखपत्र दाखवायचं, वही भरायची, एका वेळी एकच नाणं हातात. हे गृहस्थ मोहर दोन बोटांत कडेने धरतात आणि ना कलमा वाचत, ना बादशहाचं नाव. आधी काठ फिरवून बघतात. कारण आपल्याकडची मोहर बहुतेक वेळा कुणाच्या तरी गळ्यात फिरून आलेली असते. कडी लावण्यासाठी दिलेला डाग कितीही घासला तरी भिंगाखाली तिथे सोन्याचा रंग किंचित फिका दिसतो आणि काठ सपाट लागतो. डाग दिसला की ते मोहर परत ठेवतात आणि यादीत तिच्यापुढे फुली मारतात. मग वजन, मोहर अकरा ग्रॅमच्या जवळपास भरली पाहिजे. अक्षरं सर्वांत शेवटी.

आता गंमत बघा. औरंगजेबाने पन्नास वर्षांच्या आसपास राज्य केलं, त्याच्या मोहरा भरपूर मिळतात. रफी-उद-दरजात १७१९मध्ये जेमतेम तीन महिने गादीवर होता, क्षयाने गेला. शाळेच्या पुस्तकात त्याला एक ओळ मिळत नाही, पण मोहर निघाली की सभागृहात हात वर जातात. ज्यांच्या ज्यांच्या यादीत ती जागा मोकळी आहे, ते सगळे त्या दिवशी तिथे असतात. कोणी स्वतः, कोणी फोनवर, कोणी माझ्यासारख्या भाड्याच्या हाताने. होय, मीसुद्धा दुसऱ्यासाठी पॅडल, म्हणजे बोलीची नंबरपाटी, उचलतो. नाव लपवण्याचं निम्मं उत्तर त्यातच आहे. अमुक शेट स्वतः आले आहेत हे कळलं की समोरचा मुद्दाम चढवतो. उरलेलं निम्मं म्हणजे चोर आणि भाऊबंद. या दोघांपैकी कोणालाही तिजोरीत काय आहे ते कळू नये असं कोणाला वाटत नाही?

दुसऱ्या जातीचं गिऱ्हाईक अमेरिकेत फार आहे. तिथे १९८६पासून कंपन्या नाण्याला सत्तरपैकी गुण देऊन प्लॅस्टिकच्या डबीत बंद करतात आणि कोणाचा संच वरचढ याची क्रमवारी लावतात. एका गुणासाठी लाखाचा फरक पडतो. मला व्यक्तिशः डबीतलं नाणं बघायला आवडत नाही, ज्याचा काठ हाताला लागत नाही ते नाणं कसलं. पण धंदा त्यावर चालतो हे खरं. व्यापारी स्वतःच्या पैशानेही घेतात, पण महिनाभरात कोणाला विकायचं हे त्यांच्या डोक्यात आधीच पक्कं असतं. संग्रहालयं क्वचितच बोली लावतात. त्यांच्याकडे नाणी बहुतेक दानातून येतात. आणि निव्वळ गुंतवणूक म्हणून उतरणारे असतात, ते बहुधा वरच्या भावात घेऊन बसतात.

आपल्याकडचे मोठे लिलाव मुंबई, बंगळूर आणि अहमदाबादला होतात. तिथे हिऱ्याचे व्यापारी, बिल्डर, डॉक्टर आणि अधूनमधून एखादा निवृत्त प्राध्यापक दिसतो, जो दिवसभर एकही बोली न लावता सगळ्यांच्या चुका वहीत टिपत असतो. परदेशातल्या लिलावांतली भारतीय नाणीही इथले लोक घेतात. मात्र भारतात राहणाऱ्या माणसाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे वर्षाला अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात. त्यामुळे ते १९३३चं नाणं नाशकातल्या कोणी घेतलं असेल, अशी कुजबुज तुमच्या कट्ट्यावर असेल तर ती सोडून द्या.

काळ्या पैशाचा नसला तरी काळ्या कागदांचा खेळ मात्र असतो. ज्युलियस सीझरच्या खुनाची आठवण म्हणून ब्रूटसने पाडलेलं सोन्याचं नाणं, दोन खंजीर आणि मध्ये टोपी, २०२०मध्ये लंडनच्या लिलावात ३२ लाख ४० हजार पौंडांना गेलं. पुढे उघड झालं की ‘हे पूर्वी अमुक संग्रहात होतं’ हा कागदच बनावट होता. २०२३मध्ये लिलावसंस्थेच्या संचालकाला न्यूयॉर्कमध्ये अटक झाली आणि नाणं ग्रीसला परत गेलं. नाणं खरं होतं बरं का, खोटा होता तो त्याचा मागचा पत्ता. तेव्हापासून जाणकार गिऱ्हाईक नाण्याच्या आधी पावत्या बघायला लागलं आहे.

प्रश्न : काका, माझ्या आजेसासूबाईंची एक सोन्याची मोहर आहे. एका बाजूला राणीचं तोंड आणि १८४१, दुसरीकडे सिंह आणि झाड. सराफांनी घट धरून मोडीचा भाव सांगितला. मुलगा न्यू जर्सीत आहे, तो म्हणतो मी येतो तेव्हा घेऊन जातो, तिकडे दुप्पट येतील. काय करावं?
— एक गृहिणी, सिन्नर

उत्तर : ताई, मुलाला आधी थांबवा. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. विमानतळावर सापडलं तर मोहर जाईल आणि पोरगं अडकेल. वारसा आहे, आजीची आठवण आहे, यातलं काहीही तिथे चालत नाही.

मोड तर मुळीच करू नका. झाड म्हणजे ताड, आणि ती मोहर ईस्ट इंडिया कंपनीची. वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर जुना तोळा, आणि कस बावीस कॅरेटचा. तुमच्या सराफाने काही फसवलं नाही, त्याने सोन्याचा भाव सांगितला. नाण्याचा भाव सांगणं हे त्याचं काम नव्हे. मात्र त्याच नाण्याच्या नंतर पाडलेल्या प्रती आणि सरळसरळ नकलाही बाजारात आहेत. तेव्हा फोटोवरून मी आकडा सांगणार नाही. परवाना असलेल्या दोन लिलावसंस्थांना दाखवा, लेखी अंदाज घ्या. त्यांचं कमिशन किती आणि विकलं गेलं नाही तर खर्च कोणाचा, हे आधी विचारा.

पत्रात तुम्ही ‘रिठ्याने उजळून ठेवली आहे’ असं लिहिलंय. रिठ्याने सोन्याचं फारसं बिघडत नाही, पण ब्रशने घासली असेल तर आता पुरे. मऊ कापडात गुंडाळा. आजेसासूबाईंच्या गळ्यात ती असलेला एखादा लग्नातला फोटो निघाला तर मोहरेबरोबर ठेवा, वरच्या उत्तरातलं कागदांचं प्रकरण आठवत असेलच. विकलीत तर नफ्यावर कर आहे. जुनी नाणी घरगुती वापराची वस्तू म्हणून सुटत नाहीत. वारशाची असल्याने दीर्घ मुदतीचा साडेबारा टक्के दर लागेल, आणि मूळ किंमत म्हणून १ एप्रिल २००१ची बाजारकिंमत धरता येईल. सीएला विचारा. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख देतो म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा, तेवढी रोख घेणं कायद्यातच बसत नाही.

प्रश्न : शेतात नांगरट करताना छोटं सोन्याचं नाणं सापडलं. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि मागे ‘छत्रपति’ वाचता येतं. शेजारी म्हणतो, वितळव आणि गप्प बस. लाखो रुपयांना कोणी घेईल का?
— एक शेतकरी, दिंडोरी तालुका

उत्तर : दादा, हा तुमचा शेजारी नाण्याचा आणि तुमचा, दोघांचा वैरी आहे.

तुम्ही सांगताय ते नाणं म्हणजे शिवराई होन, १६७४च्या राज्याभिषेकाच्या वेळचा. वजन तीन ग्रॅमच्याही आत. खरे फारच थोडे उरलेत आणि म्हणूनच खोटे गावोगाव आहेत. त्यातले काही इतके चांगले असतात की मलाही रात्रभर ठेवून घ्यावे लागतात. जमिनीतून निघाला म्हणून खराच, असंही नाही. पेरून ‘शोधायला’ लावणारे महाभाग मी पाहिलेत. पण तुमच्या बाबतीत ते पुढचं. जमिनीत सापडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काहीही १८७८च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. दहा रुपये, बरोबर वाचलंत. आकडा तेव्हाचा आहे, बदललेला नाही. कळवलं नाही तर वाटा जातो आणि वर वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. कळवलं आणि मालक कोणी निघाला नाही, तर तीन चतुर्थांश सापडवणाऱ्याचं आणि एक चतुर्थांश जमीनमालकाचं. तुमच्या बाबतीत दोन्ही तुम्हीच. सरकारने ते ठेवून घ्यायचं ठरवलं तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा मिळतो. होनाच्या बाबतीत ही भरपाई अगदी तुटपुंजी आहे, हे मी पन्नास व्यासपीठांवर ओरडून सांगायला तयार आहे. कायदा बदलायला हवा. पण आज तो असाच आहे.

वितळवू नका असं मी का म्हणतो? १९०६मध्ये आपल्याच जिल्ह्यात जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला. तेरा हजारांवर नाणी, सगळी क्षत्रप राजा नहपानाची. त्यातल्या दोनतृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा छाप परत मारलेला. कोणी कोणाला हरवलं, हे त्या हंड्यामुळे हातात धरून दाखवता आलं. सापडवणाऱ्याने ती भट्टीत घातली असती तर चांदीचा एक गोळा निघाला असता आणि विषय संपला असता. नहपानाचा जावई उषवदात याने पांडवलेण्यांत दहा नंबरच्या लेण्यात दानाचा हिशेब कोरून ठेवलाय. त्यात सोन्याचा दरसुद्धा आहे: पस्तीस कार्षापणांचा (चांदीच्या नाण्यांचा) एक सुवर्ण (सोन्याचं नाणं), म्हणून सत्तर हजार कार्षापण म्हणजे दोन हजार सुवर्ण. आमच्या पेढीच्या फळ्यावर रोज भाव लिहितात तसाच प्रकार, फक्त खडूऐवजी छिन्नीने.

नाणं धुऊ नका, मातीसकट कागदात ठेवा. कुठे, कोणत्या गटात, किती खोल निघालं ते आजच लिहून सही करा आणि तहसीलमार्फत अर्ज द्या. पोच घ्या.

प्रश्न : माझ्याकडे वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं आहे. फोनवर एक जण दहा लाख देतो म्हणाला, आधी अडीच हजार रुपये ‘नोंदणी’ मागतोय.
— एक विद्यार्थी, सिडको

उत्तर : नाणं पाच रुपयांचं आहे. त्याने चहा घे आणि नंबर ब्लॉक कर. रिझर्व्ह बँकेने २०२१मध्येच जाहीर केलंय, की असल्या व्यवहारात ती नाही आणि तिच्या नावाने कोणी कमिशन मागत असेल तर देऊ नका.

प्रश्न : नाणेशास्त्र शिकायचंय. नाशकात सोय आहे का?
— एक विद्यार्थिनी, नाशिकरोड

उत्तर : आहे, आणि ती बघायला बाहेरच्या देशातले अभ्यासक येतात, आपण त्र्यंबकला जाताना गाडी न थांबवता पुढे जातो. अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्था आणि नाण्यांचं संग्रहालय आहे. डॉ. परमेश्वरीलाल गुप्तांसारख्या नाणेतज्ज्ञाने ती उभी केली. आधी फोन करून वेळ विचारा. सोन्याच्या कपाटापुढे सुरुवातीलाच उभी राहू नकोस, पोरी. तांब्याच्या शिवराया बघ, त्यांच्यावर अक्षरं वाचायची सवय लागते.

प्रश्न : भाच्याच्या मुंजीत सोन्याचं नाणं द्यायचंय. पुढे किंमत येईल असं कोणतं घ्यावं? बजेट एका तोळ्याच्या आतलं.
— एक मामा, पंचवटी

उत्तर : निव्वळ सोनं द्यायचं असेल तर कुठल्याही सराफाकडचं हॉलमार्कचं द्या, माझ्या सल्ल्याची गरज नाही. नाणं द्यायचं असेल तर १९१८ची गिन्नी, म्हणजे ब्रिटिशांचं सोन्याचं नाणं, शोधा. पहिल्या महायुद्धात सोनं लंडनला नेणं-आणणं अवघड झालं, म्हणून मुंबईच्या टांकसाळीत गिन्न्या पाडल्या, आणि त्या एकाच साली. आठ ग्रॅमला किंचित कमी भरते. मागच्या बाजूला घोड्यावरचा संत जॉर्ज आहे. घोड्याच्या पायांखाली, सालाच्या वर जमिनीच्या पट्टीवर बारीक इंग्रजी ‘आय’ असेल तरच मुंबईची. बारा लाखांवर पाडल्या असल्यामुळे अजून मिळते आणि भाव सोन्याच्या फार वर जात नाही. पुण्या-मुंबईच्या बाजारात खोटी गिन्नी बरीच फिरते, त्यामुळे वजन आणि जाडी दोन्ही मापून घ्या, पावतीवर साल आणि टांकसाळ लिहून घ्या. कडी लावून देऊ का, असं दुकानदार नक्की विचारेल. नाही म्हणा.